फक्त एक सेटिंग

सर्वपित्री अमावास्येचा रविवार, २१ सप्टेंबर २०२५. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी फोन वाजला. "मॅडम, झोपलात का? काही मोठं नाही हो, फक्त एक सेटिंग बदलायचंय."

तेवीस वर्षं मी सर्व्हर सांभाळतेय. "काही मोठं नाही" ऐकल्यावर मला शांत झोप लागलीय, अशी एकही रात्र आठवत नाही.

मी पुण्यातल्या ज्या लहानशा कंपनीत काम करते, ती सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या किराणा दुकानांच्या एका साखळीचं बिलिंग चालवते. काउंटरवरची मुलगी बारकोडवर लाल उजेड मारते तेव्हा हिशेब तिच्यासमोरच्या मशीनवर होत नाही, आमच्या चार सर्व्हरपैकी एकावर होतो. सगळं काम जावा भाषेत लिहिलेलं. त्या रात्री बारानंतर जीएसटीचे नवे दर लागू होणार होते. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाणार, बहुतेक वस्तू ५ किंवा १८ मध्ये बसणार. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८वरून ५वर. लोणी, तूप, चीज १२वरून ५वर. वह्या-पेन्सिलींवर करच नाही. हे सगळं आम्ही दोन आठवडे घासून आधीच भरून ठेवलं होतं.

राहून गेला होता तो दुकानाच्या स्वतःच्या छापाचा माल. तूप, फरसाण, बदाम-पिस्ते वगैरे. त्याचे दर एका वेगळ्याच फाइलमध्ये बसलेले. २०१८ साली कुणीतरी 'तात्पुरती' केलेली सोय ती. सॉफ्टवेअरमध्ये तात्पुरत्या गोष्टीइतकं दीर्घायुष्य दुसऱ्या कशाला लाभत नाही.

"फाइल मेल केलीय. बारा वाजले की चारही सर्व्हरवर टाका. रीस्टार्ट मात्र नको, दिवसअखेरचं काम चालू आहे, दोनपर्यंत संपणार नाही."

रीस्टार्टची गरजही नव्हती. सर्व्हर त्या फाइलवर नजर ठेवून असतो. फाइल बदलली की चालता चालताच नवी वाचून घेतो. ही सोय आम्ही २०२१मध्ये केली आणि तिच्यावर मान्यतेची सही माझी आहे. बारा वाजून एक मिनिटानं मी फाइल टाकली. चारही ठिकाणच्या लॉगमध्ये ओळ उमटली, 'कॉन्फिगरेशन रीलोड झालं'. सव्वाबाराला मी झोपले.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कराडच्या दुकानातून फोन. घटस्थापनेच्या दिव्यासाठी तूप घ्यायला एक आजी पहिल्याच गिऱ्हाईक म्हणून आल्या होत्या. बिलावर तुपाचा कर १८ टक्के. "अगं, पेपरात तर पाच लिहिलंय," आजी म्हणाल्या. पोरीनं बिल रद्द करून पुन्हा काढलं. ५ टक्के. शेजारच्या काउंटरवर तोच डबा, ५ टक्के. तिसऱ्यांदा काढलं तर परत १८. "मॅडम, मशीनला काय झालंय? मी काहीच केलं नाही," ती रडकुंडीला आली होती. जे तूप काल १२ टक्क्यांत होतं आणि आज ५ टक्क्यांत यायचं, ते चार सर्व्हरपैकी एकाच्या लेखी १८ टक्क्यांचं झालं होतं. १८चा आकडा ना जुन्या फाइलमध्ये होता, ना नव्या.

हा आकडा कुठून आला ते सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

जावाचा सर्व्हर सुरू होताना आपल्या फाइली वाचतो: कुठल्या डेटाबेसला जोडायचं, किती वेळ थांबायचं, कुणाला किती मर्यादा. वाचलेलं सगळं तो मेमरीत ठेवतो आणि मग फाइलकडे फिरकत नाही. तुम्ही फाइल बदलली तरी त्याला पत्ता नसतो. त्याला पत्ता लागावा यासाठी जावाच्या सातव्या आवृत्तीत, २०११ साली, वॉचसर्व्हिस नावाची सोय आली. फोल्डरमध्ये काही हललं की ऑपरेटिंग सिस्टीम सर्व्हरला सांगते. आम्ही तीच वापरली. आता फाइल कॉपी होते म्हणजे आधी जुनी रिकामी होते, मग नवी थोडी थोडी भरत जाते. त्यामुळे एका कॉपीमागे 'हलली, हलली, हलली' अशा तीन-चार सूचना येतात. प्रत्येक सूचनेला सगळी फाइल वाचणं म्हणजे उगाच काम, म्हणून आमच्या शहाण्यांनी ठरवलं, की पहिल्या सूचनेला वाचायचं आणि पुढचे तीस सेकंद कान बंद ठेवायचे. त्या शहाण्यांत मीही होते.

तीन सर्व्हरची लाइन वेगवान होती, पापणी लवायच्या आत फाइल भरली. चौथा सर्व्हर दुसऱ्या ठिकाणी, तिथली लाइन संथ. त्यानं फाइल अर्धी भरली असतानाच वाचली आणि कान बंद करून घेतले. उरलेल्या हजार-दीड हजार ओळी त्याच्या लेखी नव्हत्याच. आणि प्रोग्राममध्ये कधीकाळी कुणीतरी लिहून ठेवलं होतं, की वस्तूची ओळ सापडली नाही तर १८ धर. वस्तू इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेल्या असल्यामुळे बदाम वाचले आणि तूप बुडालं.

माझे वडील, अण्णा, माण तालुक्यातल्या एका हायस्कुलात शिपाई होते. हेडमास्तरांची सूचना वही वर्गावर्गांत फिरवणं हे त्यांचं काम. जुन्या लोकांना आठवत असेल: लाल कापडी पाठीची लांबट वही, आत हेडमास्तरांचं अक्षर. शिपाई दारात उभा राहायचा, सर शिकवायचे थांबायचे, सूचना मोठ्यानं वाचायचे आणि सही करायचे. मग वही पुढच्या वर्गात. शाळा बंद करावी लागत नसे. तास चालू असतानाच उद्या सकाळची शाळा असल्याचं चारशे पोरांना कळायचं.

एकदा आठवी कचा वर्ग कवायतीला मैदानावर गेला होता. अण्णा वही घेऊन निंबाखाली बसून राहिले, पाऊण तास. मी तेव्हा सहावीत. सुट्टीत त्यांना तसं बसलेलं बघून मला लाज वाटली होती, मैत्रिणी बघत होत्या म्हणून. घरी विचारलं तर म्हणाले, "सही नाही म्हंजे सूचना दिलीच नाही. उद्या तेवढा वर्ग अकराला आला तर बोलणी मला."

आमच्या चौथ्या सर्व्हरनं सही केली होती, पण न वाचता. 'रीलोड झालं' एवढंच लॉगमध्ये लिहिलं. किती ओळी वाचल्या, शेवटची कुठली, बाकीच्या तिघांशी जुळतंय का, यातलं काही नाही. आणि मी ती सही बघून झोपले.

तरी चालू सर्व्हरवर बदल करणं ही थेरं आहेत, असं मी म्हणणार नाही. त्याशिवाय आज भागत नाही. आधीची काही वर्षं मी एका बँकेच्या सिस्टीमवर होते. तेव्हा एनईएफटी कामाच्या दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ७ चालायची. सातनंतर आमचं राज्य. सर्व्हर बंद करा, फाइल बदला, चालू करा, मध्ये खाली जाऊन भुर्जीपाव खाऊन या. १६ डिसेंबर २०१९पासून एनईएफटी चोवीस तास झाली, १४ डिसेंबर २०२०पासून आरटीजीएसही. लोकांची मोठी सोय झाली, आणि सर्व्हर बंद करायला मिळणारी रात्र कायमची गेली.

शिवाय जावाचा सर्व्हर बंद करून चालू करणं म्हणजे ट्यूबलाइटचं बटण दाबणं नव्हे. सुरुवातीला तो आपला प्रोग्राम अडखळत, एकेक पायरी वाचत चालवतो. जो भाग हजारो वेळा लागतो तो ओळखून मग त्याचं यंत्रभाषेत भाषांतर करून ठेवतो आणि वेग पकडतो. आमचा सर्व्हर ३ मिनिटं ४० सेकंदांत उठतो, पण पुढची पंधरा-वीस मिनिटं पेंगत असतो. दिवाळीच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता चारपैकी एक सर्व्हर पेंगला, तर त्याची किंमत रांगेतल्या माणसांना विचारा.

चालू सर्व्हरवर बदलण्याच्या सोयीचं माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे लॉगची पातळी. सर्व्हर स्वतःची रोजनिशी लिहीत असतो. एरवी त्रोटक, सांगितलं तर सविस्तर. लॉगबॅक किंवा लॉगफोरजे ही रोजनिशी लिहिणारी साधनं आपली फाइल ठरावीक वेळानं स्वतःच तपासू शकतात. दोन वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता ठरावीकच कार्डांचे पैसे अडकत होते. मी तेवढ्या एका भागाची रोजनिशी दहा मिनिटं सविस्तर केली, कारण सापडलं, पुन्हा त्रोटक केली. तेव्हा रीस्टार्ट केला असता तर अडकलेल्या जोडण्या सुटून सगळं काही काळ सुरळीत झालं असतं आणि दुखणं हाती लागलंच नसतं. डॉक्टर येईपर्यंत पोराचा ताप उतरतो, तसलाच प्रकार.

मर्यादा, थांबण्याचा वेळ, स्क्रीनवरचा मजकूर, एखादी सोय चालू-बंद ठेवणं, हे खुशाल चालता चालता बदलावं. डेटाबेसचा पत्ता मात्र बदलू नये. तिथे आधीच पन्नास जोडण्या उघड्या असतात. पत्ता बदलला की नव्या जोडण्या नव्या घरी आणि जुन्या जुन्याच घरी, आणि एकाच दुकानाचा गल्ला दोन वह्यांत मांडला जातो. तशा कामाला रीस्टार्टच हवा.

आणि कराचा दर? तो सेटिंग नव्हताच मुळी. तीच २०१८ची मूळ चूक. १८ सप्टेंबरला विकलेला डबा गिऱ्हाइकानं २५ तारखेला परत आणला, तर त्याची क्रेडिट नोट जुन्या दरानं निघायला हवी. म्हणजे दोन्ही दर एकाच वेळी खरे असतात, आपापल्या तारखांसाठी. अशा गोष्टीला 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे दोन रकाने लागतात. ते असते तर रात्री बारा वाजता कुणाला कुणाला फोन करावा लागला नसता. आठवडाभर आधी नोंद केली असती आणि घड्याळानं बाकीचं काम केलं असतं. सरकारनं दर ३ सप्टेंबरला जाहीर केले होते. अठरा दिवस हातात होते.

एक गंमत मध्येच सांगून टाकते. लिनक्सवर एखाद्या प्रोग्रामला 'हँगअप' असा इशारा पाठवता येतो. नावावरूनच कळेल, टर्मिनल टेलिफोनच्या तारेनं जोडलेले असायचे तेव्हाचा हा शब्द. लाइन कटली की हा इशारा जायचा. पुढे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामांनी तो 'आपली फाइल परत वाच' या अर्थानं वापरायला घेतला. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर तो इशारा मिळाला की शहाण्यासारखी नवी फाइल आधी तपासतो, चुकली असेल तर जुनीवरच चालू राहतो. आमच्याकडे नव्यानं आलेला एक मुलगा आधी एनजिनएक्सवरच काम केलेला. त्यानं सवयीनं तोच इशारा जावाच्या सर्व्हरला पाठवला. जावा त्याचा अर्थ 'दुकान आवरा' असा घेतो. सर्व्हरनं नीट नमस्कार करून सगळी कामं आवरली आणि तो बंद झाला. भर दुपारी. "मॅम, मी फक्त रीलोड केलं," पोरगा म्हणत होता, आणि त्याच्या परीनं ते खरंच होतं.

अर्ध्या वाचलेल्या फाइलीसारखाच दुसरा एक धोका आहे, तो जास्त बेमालूम. समजा सवलतीचे दोन आकडे आहेत: किती रुपयांच्या पुढे, आणि किती टक्के. काल १०००च्या पुढे १० टक्के होती, आज २०००च्या पुढे २० टक्के. सर्व्हर एकामागून एक दोन्ही आकडे बदलतो. नेमक्या त्या दोहोंमधल्या क्षणी एखादं बिल आत शिरलं, तर त्याला जुनी मर्यादा आणि नवे टक्के मिळतात. १२०० रुपयांवर २० टक्के सवलत. कुणी ठरवलेलीच नाही अशी सवलत, वर्षातून चार-सहा बिलांना. हिशेबनीस ऑडिटच्या वेळी डोकं धरून बसतो.

यावर उपाय जुना आणि सोपा आहे. चालू वहीत खाडाखोड करायचीच नाही. बाजूला बसून संपूर्ण नवी वही लिहायची, तपासायची, आणि मग एका झटक्यात टेबलावरची जुनी उचलून नवी ठेवायची. ज्याच्या हातात जुनी आहे तो त्या बिलापुरता जुनीवरच हिशेब पुरा करील; पुढचं बिल नवीवर. जावामध्ये त्या टेबलावरच्या जागेला 'व्होलाटाइल' असं लिहून ठेवावं लागतं. नाहीतर एखादा थ्रेड, म्हणजे सर्व्हरमधला एखादा कामकरी, आपल्या खिशातली जुनी प्रतच बघत बसू शकतो, तासन्‌तास. २००४ साली आलेल्या जावाच्या पाचव्या आवृत्तीपासून या शब्दाचे नियम पक्के झाले. त्याला वीस वर्षं उलटली तरी मुलाखतीला येणारी दहापैकी आठ मुलं या शब्दाची व्याख्या घडाघडा म्हणतात आणि तो कुठे लागेल असं विचारलं की छताकडे बघतात. हा माझा स्वतःचा अनुभव, कुठली पाहणी नव्हे.

हे सगळं आमच्या किराण्यापुरतं आहे असं कुणाला वाटलं, तर १९ जुलै २०२४ आठवावी. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. क्राउडस्ट्राइक या कंपनीनं जगभरातल्या विंडोज कॉम्प्युटरांवर एक लहानशी फाइल पाठवली. नवा प्रोग्राम नव्हता तो. आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रामला काय शोधायचं ते सांगणारी नवी यादी, एवढंच. प्रोग्रामला वीस रकाने ठाऊक होते, यादीत एकविसाव्याचा उल्लेख होता. सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. चुकीची फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली होती, पण तोवर ती सगळीकडे पोचलेली. पुढच्याच वर्षी १२ जून २०२५ला गुगलच्या क्लाउडमध्ये रिकामे रकाने असलेला एक नियम भरला गेला. तो काही सेकंदांत जगभर पसरला आणि वाचणारा प्रोग्राम जागोजागी कोसळला. यात जावाचा काही संबंध नाही. संबंध आहे तो 'फक्त एक सेटिंग' या शब्दांशी.

माझी तक्रार यंत्राबद्दल नाहीच. आमच्याच कंपनीत बघा. प्रोग्रामची एक ओळ बदलायची तर दुसऱ्यानं ती तपासायची, टेस्टिंगला द्यायची, बुधवारच्या रिलीजला लावायची, तीन सह्या. तीच गोष्ट सेटिंगच्या फाइलमधून बदलायची तर एक व्हॉट्सअॅप मेसेज पुरतो. बिलावर उमटणारा आकडा दोन्हीकडून सारखाच बदलतो. उलट सेटिंग चारही सर्व्हरवर एका दमात जातं, आणि प्रोग्राम आम्ही एकेका सर्व्हरवर जपून चढवतो. म्हणजे जास्त धोक्याची वाट आम्ही मोकळी सोडलीय आणि कमी धोक्याच्या वाटेवर नाकाबंदी! धंद्यातल्या मंडळींना हे आवडतं, कारण नाकाबंदीला वेळ लागतो. मग हळूहळू जे जे घाईचं ते ते सेटिंगमध्ये सरकतं. दर, सूट, नियम, अटी. पाच वर्षांत त्या फाइलचा दुसरा प्रोग्राम होतो, आणि तो कुणीच तपासत नाही.

दुसरी तक्रार आमच्याच जातीबद्दल, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांबद्दल. आम्हाला सर्व्हर किती दिवस बंद पडला नाही याचा भारी अभिमान. मीही एकदा १९३ दिवसांचा आकडा ग्रुपवर टाकून अंगठे मिळवले होते. त्या १९३ दिवसांत काय काय झालं होतं ते पुढे कळलं. जावाच्या चालू सर्व्हरमध्ये जेकॉन्सोल नावाच्या खिडकीतून हात घालून एखादा आकडा जागच्या जागी बदलता येतो. एका शुक्रवारी एसएमएस पाठवणारी बाहेरची सेवा संथ झाली होती, म्हणून आमच्यातल्या एकानं थांबण्याची मुदत ५ सेकंदांवरून २० केली. काम भागलं. फाइलमध्ये सोमवारी लिहू म्हणाला. तो सोमवार आलाच नाही. मार्चमध्ये तो नोकरी बदलून बंगळूरला गेला. पावसाळ्यात एकदा वीज गेली, जनरेटरनं दगा दिला, सर्व्हर पडला आणि उठताना फाइलमध्ये होते तेवढे ५ सेकंद घेऊन उठला. सकाळी एकाही गिऱ्हाइकाला मेसेज जाईना. आम्ही चौघे दोन दिवस शोधत होतो, की 'काल काय बदललं?' काल काहीच बदललं नव्हतं. चार महिन्यांपूर्वीचा बदल काल पुसला गेला होता.

तेव्हापासून माझं मत असं झालंय, की ज्याला सर्व्हर रीस्टार्ट करायची भीती वाटते त्याला चालू सर्व्हरवर बदल करायचा अधिकार नाही. हे ऐकून आमचे साहेब हसले होते. पण हिशेब सरळ आहे. मेमरीत जे आहे तेच फाइलमध्ये आहे, याचा पुरावा एकच: बंद करून उठवून बघणं, दिवसाउजेडी, आपण हजर असताना, चारपैकी एक-एक करून. गावाकडे यात्रेच्या आदल्या दिवशी जनरेटर मुद्दाम चालू करून बघतात तसं.

त्या घटस्थापनेच्या सकाळी आम्ही चौथा सर्व्हर रांगेतून बाजूला काढला. तोवर सव्वीस बिलं चुकीची निघाली होती. दुकानवाल्यांनी बिलांवरचे मोबाइल नंबर शोधून बावीस जणांना फरक परत केला. चौघांनी नंबर दिलेलाच नव्हता. तुपाच्या आजी दुपारी मुलाला घेऊन परत आल्या आणि नवं बिल घेऊन गेल्या, असं त्या काउंटरवरच्या मुलीनं मला आवर्जून कळवलं.

आता फाइल आधी वेगळ्या नावानं पूर्ण चढते आणि मगच तिचं नाव बदललं जातं. नाव बदलणं अर्धवट होत नाही. फाइलच्या शेवटच्या ओळीत एकूण ओळींचा आकडा असतो. तो जुळला नाही तर सर्व्हर नवी फाइल नाकारतो, जुनीवरच चालतो आणि माझा फोन वाजवतो. 'सापडलं नाही तर १८' ही ओळ मी स्वतः काढली. आता सापडलं नाही तर बिल थांबतं. लॉगमध्ये 'रीलोड झालं'च्या जागी किती ओळी, कुणी बदलल्या, किती वाजता, आणि चारही सर्व्हरांचा ताळा येतो. चौघांच्या सह्या आल्याशिवाय काम पुरं झालं असं धरत नाही. स्वतःच्या छापाच्या मालाचे दर डिसेंबरमध्ये तारखांच्या रकान्यांत गेले आणि ती तात्पुरती फाइल सात वर्षांनी निवृत्त झाली.

धंदा चालवणाऱ्यांना एवढीच विनंती, की सेटिंग बदलायचं असेल तर रात्री अकरा चाळीसला नको, दुपारी चारला सांगा. दोन माणसं बघतील, एका सर्व्हरवर लावतील, अर्धा तास वाट बघतील. आणि महिन्यातून दोनदा 'आज एक सर्व्हर बंद करतोय' म्हणून कळवलं, तर "का? चालू तर आहे ना" असं विचारू नका.

या मंगळवारी दुपारी अडीचला तिसऱ्याची पाळी होती. ३ मिनिटं ४० सेकंदांत उठला. ताळा जुळला.